दिवेलागणीचं दार

यशवंतराव शितोळ्यांनी मलेरिया खात्यात छत्तीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या काळात देवास जिल्ह्यातल्या निम्म्या बायकांची बोलणी खाल्ली. सतवासपासून नेमावरपर्यंत कुणाच्याही घरात शिरायचं, टाकीत अन् कूलरमध्ये बॅटरी मारायची, डासांच्या अळ्या दिसल्या की भरलं पिंप अंगणात उपडं करायचं आणि वर ऐकवायचं, "साँझ के पहले दरवाजा लगाओ, बाई. लक्ष्मी बाद में आएगी, मच्छर पहले आएगा." घरातही तोच कायदा. दिवेलागणीला पुढलं दार उघडं ठेवायची कुसुमावतींच्या माहेरची रीत. पण सहा वाजायच्या आत साहेब खाडकन दार लावून घेत. वीस वर्षं धुसफूस करून कुसुमावतींनी शेवटी नाद सोडला.

तोच माणूस आता चार वर्षं झाली, रोज संध्याकाळी आपल्या हातानं दार सताड उघडतो आणि समोर खुर्ची टाकून बसतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, "दिवेलागणीची वेळ आहे. लक्ष्मी येते." कुसुमावती ऐकतात आणि वात सारखी करत बसतात.

खरं कारण त्यांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी देवश्रीनं कुक्षी गावच्या एका मुलाशी आपल्या मनानं लग्न ठरवलं, तेव्हा याच दारात यशवंतराव एकुलत्या एका लेकीला म्हणाले होते, "आता हे दार तुला बंद." तिनं चपला घातल्या आणि निघून गेली. राग आठ दिवसांत ओसरला. पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा, हे काही मलेरिया खात्यात शिकवत नाहीत. कुसुमावती गच्चीवर जाऊन लेकीशी फोनवर बोलत, तेव्हा साहेब जिन्याखाली उगाच घुटमळत. पण फोन काही उचलला नाही. दार उघडलं, एवढंच.

सोबतीला असायची गुड्डी. ही देवश्रीची कुत्री; कॉलेजात असताना तिनं ओढणीत गुंडाळून आणलेली. ती उंबऱ्यावर नाक टेकून रस्त्याकडे बघायची, साहेब खुर्चीतून बघायचे. अंधार पडला की दोघं आत यायची.

यंदा भादव्यात गुड्डी खोकायला लागली. चार पावलं टाकली की धापा टाकत बसायची. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर अंशुलनं रक्त तपासलं आणि मान हलवली.

"काका, हिच्या हार्टमध्ये कीडे आहेत. मच्छरनं होतात. आपल्या इकडे कम मिलता है, पण होतं. दवाई चालू करतो. पण नवीन मच्छर चावायला नको. शाम को बाहेर बसते का ही?"

यशवंतराव छताकडे बघू लागले.

"उंबऱ्यावर बसते," कुसुमावती म्हणाल्या. "रोज. दार उघडं टाकून."

अंशुल शाळेत असताना याच काकांनी त्याच्या घरच्या हौदात गप्पी मासे सोडले होते आणि वडिलांना अर्धा तास झाडलं होतं. त्यानं हसू कसंबसं दाबलं. "क्या काका, आप भी?"

साहेबांचं नाक पार कापलं गेलं. घरी येताच त्यांनी कूलर कोरडा केला, कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घातल्या, टाकीच्या तोंडाला फडकं बांधलं, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. दाराला जाळी बसवायला सुतार सांगितला, तो "कल पक्का, भिया" म्हणाला आणि गडप झाला. राहिलं ते दार.

"आजचा दिवस राहू दे," संध्याकाळी ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. गुड्डी खोकत खोकत उंबऱ्यापर्यंत गेली. थोड्या वेळानं तिच्या कानावर एक डास बसलेला त्यांना दिसला. त्यांनी टिपला. तळहातावर रक्ताचा ठिपका उमटला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग गुड्डीला आत ओढलं आणि दार लावलं.

पण त्यांना बसवेना. खोलीच्या या टोकाचे त्या टोकाला झाले आणि चार वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले, "आता ती आली तर गं? दार बंद दिसेल तिला."

कुसुमावतींच्या हातातली काडेपेटी तशीच राहिली. "मग सांगा की तिला."

नंबर त्यांना पाठ होता. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत आवाज आला, "बाबा?"

'कशी आहेस' म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून मलेरिया खातंच बोललं. "हे बघ, मच्छर फार वाढलेत. गुड्डी त्यानंच आजारी आहे. म्हणून सहाच्या आत दार लावतो. तू आलीस अन् दार लावलेलं दिसलं, तर परत जाऊ नकोस. बेल वाजव. मी दारामागंच बसलेला असतो."

पलीकडून ती म्हणाली, "बेल वाजत नाही, बाबा."

"काय?"

"मागच्या मे महिन्यात ट्रेनिंगला देवासला आले होते. दुपारी घरी आले. तीनदा बेल दाबली. गुड्डी आतून भुंकत होती, तुमचा आवाजही आला. मला वाटलं, ऐकूनही उघडत नाहीत. आईला सांगितलं नाही मी. परवा ती बोलता बोलता म्हणाली की बेल दोन वर्षं बंद पडलीय, दूधवाला हाका मारतो, तुमच्या तर ते लक्षातही नाही. तेव्हा कळलं."

यशवंतरावांना ती दुपार लख्ख आठवली. कूलर घरघरत होता, डोळा लागत होता आणि गुड्डी दारावर पंजे मारत होती. तेव्हा तेच ओरडले होते, "चूप! कोणी नाही तिथं."

"ये गं तू," ते म्हणाले. आवाज फुटला, तो त्यांनी फुटू दिला. "लवकर ये."

"येते बाबा. सुट्टीचं बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी बेल आणून स्वतः बसवली. सहाला दहा कमी असताना बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं. आत गुड्डी भुंकली. चपला फटफटत आल्या. कडी निघाली आणि कणकेच्या हातांनी कुसुमावती दारात उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या मागं, रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं.

"मीच आहे," यशवंतराव ओशाळून म्हणाले. "वाजते का बघत होतो."

"वाजते," कुसुमावती म्हणाल्या आणि मनगटानं डोळे पुसले. "आता ती येईपर्यंत बेलला हात लावू नका."