खिडकीकडची जागा
सव्वीस वर्षं त्याने किनाऱ्याच्या रस्त्यावर सहलीची बस चालवली, पण समुद्र काही धड पाहिला नव्हता. कसा पाहणार? चाळीस माणसांचा जीव हातात, डोळे वळणावर. प्रवासी किल्ल्यावर गेले की तो बसमध्येच अंग टाकायचा, कारण परतीची वळणं वाट बघत असायची.

निवृत्त होऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच बायकोने फर्मान काढलं, "अहो, मला तुमचा रस्ता दाखवा. आणि खिडकीशी तुम्ही बसायचं!"

सहलीच्या बसवर त्यानेच शिकवलेली ड्रायव्हर होती. "काका, तुम्ही मागे बसणार? म्हणजे माझी परीक्षाच की!" ती म्हणाली.

पहिल्या दोन वळणांवर त्याचा पाय ब्रेक शोधत राहिला. "पाय आवरा, माझी चप्पल चेंगरताय," बायको कुरकुरली. तिसऱ्या वळणाला मात्र त्याने मान वळवली, ती तशीच राहिली. खाली काळ्याभोर खडकांवर पाणी फुटत होतं. लांबवर निळं, जवळ हिरवं, आणि मधल्या पट्ट्याच्या रंगाला तर नावच सापडेना. वरच्या अंगाला दगडी बांध घातलेली शेतं आणि एक पडका टेहळणी बुरूज.

"हा बुरूज कधी बांधला?" त्याने गाइडला विचारलं.

गाइड चाटच पडला. "काका, तुमच्याच गाडीत मी रोज सांगत होतो!"

"माझं लक्ष गियरकडे असायचं रे बाबा."

किल्ल्याच्या पायऱ्या चढताना गुडघ्यांनी चांगलीच तक्रार केली, पण बायको ऐकेना. तटावर पोचून त्याने खाली पाहिलं आणि दगडाला घट्ट धरलं. कड्याच्या पोटातून, भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढावी तसा एक रस्ता गेला होता. त्यावरून काडेपेटीएवढी बस सरकत होती.

"हा आपला रस्ता?" बायकोने हळूच विचारलं.

"हाच."

"आणि घरी येऊन म्हणायचात, काही विशेष नाही, रोजचंच." तिने त्याचा दंड धरला. "कमाल आहे हो तुमची!"

त्याचे डोळे भरून आले होते, वाऱ्याने म्हणा हवं तर.

खाली आल्यावर त्याने ड्रायव्हरला विचारलं, "तू वर गेलीस कधी?"

"कुठला वेळ, काका?"

"अजून अर्धा तास आहे. गाडीपाशी मी थांबतो. पळ."

ती खरंच पळत गेली. परतली तेव्हा धाप लागलेली, केस विस्कटलेले. सीटवर बसून तिने गाडी सुरू केली. उतारावरचं पहिलं वळण तिने इतकं अलगद घेतलं, की डुलकी लागलेल्या एकाही प्रवाशाची मान हलली नाही.