पोचल्याचा पहिला फोन

सिंधुबाईच्या घरातलं कुणीही बाहेरगावी गेलं, की पोचल्याचा पहिला फोन तिला. हा तिचा कायदा. वीस वर्षं ऊसतोडीला जाऊन तिनं हाडं झिजवली होती. एका साली टोळीचा ट्रक घाटात दोन दिवस बंद पडला आणि इकडं आष्टीला घरची माणसं रडून मोकळी झाली. तेव्हापासून सून असो की जावई, सवलत कुणालाच नाही.

नात यशोधरा विमान चालवायला शिकत होती, तिलाही नाही. पोरीनं समजावून सांगितलं होतं सगळं. कुठून निघणार, कोणत्या वाटेनं, किती वाजता पोचणार, तेल किती तास पुरणार, हे आधी लिहून द्यायचं; त्याला फ्लाइट प्लॅन म्हणतात. उतरल्यावर अर्ध्या तासात फोन करून तो बंद करायचा, नाहीतर शोधाशोध सुरू होते. सिंधुबाईनं मान हलवली होती. मुकादमानं कधी एवढं लिहून दिलं नाही मेल्यानं, एवढंच तिच्या मनात आलं.

आज यशोधराचं एकटीचं लांबचं शेवटचं उड्डाण. ते धड झालं की परीक्षा. पावणेअकराला फोन वाजला.

"आज्जे, उतरले गं. ठेवते आता, मला अजून..."

ठेवते म्हणजे? न्याहारी केली का, ऊन किती, चकलांब्याच्या वनितानं आणलेलं स्थळ, आणि 'पोरीला भाकरी येते का' विचारणाऱ्या त्या लोकांना आपण काय सुनावलं, सगळं निघालं. पोरीनं दोनदा मधे बोलायला बघितलं, दोनदा बोलणी खाल्ली. पाऊण तास गेला.

फोन ठेवला तोच शिकवणाऱ्या अमरसिंह सरांचा आला. फॉर्मवर घरचा नंबर होता. यशोधराचा फोन लागेना, तुम्हाला काही कळलं का, म्हणाले.

"पोचली की," सिंधुबाई ताठ्यात म्हणाली. "पयला फोन मलाच."

सरांनी आधी तिकडं कुणालातरी 'पोचलीये, थांबवा' म्हणून ओरडून सांगितलं. मग त्यांनी सांगितलं, की शोध सुरू झाला होता, दुसरं विमान निघायच्या बेतात होतं. आता पोरीला लेखी जबाब द्यावा लागेल, ही फेरी धरणार नाहीत, परीक्षाही पुढं गेली.

"चूक माझी हाय, सर. ती ठेवते म्हनत होती."

"आजी, फ्लाइट प्लॅनच्या कागदावर सही तिची आहे."

संध्याकाळी यशोधराचा फोन आला. आवाज पार उतरलेला. जबाबात लिहिलं होतं, फोन करायचा विसरले.

"माझं नाव कावून न्हाई घातलं?"

"काय लिहू आज्जे? आजीला फोन ठेव म्हणता आलं न्हाई?"

सिंधुबाईला ऊस तोडून आल्यासारखं अंग जड झालं. भिंतीला टेकून ती खाली बसली.

"पुना उडशील तवा पयले त्यांना सांग," ती म्हणाली. "मला सांजच्याला केला तरी चालंल."

"रागावलीस?"

"न्हाई गं. दमले."

आणि फोन तिनंच ठेवला.