हाड बसल्याचा आवाज

भाड्याच्या त्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. समोरच्या स्टेजवर हाडजोड महाराज एकेकाचा सुजलेला घोटा रुमालाखाली धरायचे, डोळे मिटायचे, आणि टक्! हाड जागेवर. टाळ्यांचा कडकडाट. मग त्या माणसानं स्टेजवरून खाली उडी मारायची. "उडीनंतर ज्याला दुखेल, त्याच्या मनात खोट," महाराज गोड हसून सांगायचे. म्हणजे बघा, बरं झालं तर महाराजांमुळे आणि बिघडलं तर तुमच्यामुळे. आहे की नाही सोय!

झाकणवालीला हा माणूस पहिल्यापासून खटकत होता. जॅमच्या कारखान्यात ती दिवसभर भरलेल्या बाटल्यांची झाकणं अंगठ्यानं दाबून तपासायची, म्हणून हे नाव. आज ती इथे आली होती ती सासूबाईंच्या हट्टापायी. चार महिन्यांपूर्वी सासूबाईंचा मुरगळलेला पाय म्हणे इथेच बरा झाला. परवा जिन्यावर नातीचा घोटा मुरगळून टम्म फुगला, तेव्हा त्यांनी कोणाचं काही चालू दिलं नाही. मुलीला पाऊल टेकवत नव्हतं. आणि झाकणवालीच्या या लेकीनं आता उडी मारायची होती.

नंबर लागला. महाराजांनी रुमाल टाकून घोटा दाबला, पोर कळवळली. टक्!

झाकणवालीचे कान टवकारले. बाटलीचं झाकण घट्ट असलं की मधला भाग आत ओढलेला असतो, दाबूनही गप्प राहतो. आत हवा शिरली की तो फुगतो, दाबल्यावर वाजतो, आणि बाटली बाद. हा आवाज तिनं झोपेतसुद्धा ओळखला असता.

"मार उडी," महाराज म्हणाले.

"थांब." तिनं रुमाल ओढला. जॅमच्या बाटलीचं झाकण घरंगळत खाली आलं. तिनं ते उचलून सगळ्यांसमोर दाबलं. टक्. "हे तुमचं हाड."

एकच गलका झाला. पण माणसं बरी होतात त्याचं काय, असं कोणीतरी विचारलं. तेव्हा कारखान्यातल्या नर्सबाईंकडून ऐकलेलं तिनं सांगून टाकलं. मुरगळताना बहुधा हाड सरकतच नाही, हाडांना बांधणारे पट्टे ताणले जातात किंवा फाटतात. आधी आराम, कापडात गुंडाळलेला बर्फ, पट्टी, पाय उशीवर. मग हळूहळू हालचाल. बरेचसे घोटे काही आठवड्यांत आपले आपणच भरून येतात आणि श्रेय घ्यायला महाराज हजर. पण चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा.

"माझ्या मुलीला एक पाऊल टाकवत नाही," ती म्हणाली, "आणि हे तिला उडी मारायला सांगताहेत."

महाराज डगमगले नाहीत. ज्यांना गुण आला त्यांनाच विचारा, म्हणत त्यांनी सासूबाईंकडे बोट दाखवलं.

सासूबाई उठल्या. आता सुनेची खरडपट्टी निघणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी वाकून पायातला मोजा खाली सरकवला. घोटा अजून सुजलेला होता.

"चार महिने दुखतोय," त्या म्हणाल्या. "मनात खोट आहे म्हणतील, म्हणून बोलले नाही. वाटलं, खोट माझ्यातच असेल, पोरीला तरी गुण येईल."

मागून एक ड्रायव्हर म्हणाला, माझाही. आणखी एक म्हणाली, माझा गुडघा. सून मात्र सासूकडे बघतच राहिली. एका घरात राहून आपल्याला कळलं नाही, याची तिला लाज वाटली.

लोकहो, दुखतंय तर दुखतंय म्हणा, आणि डॉक्टरला दाखवा. जो तुमच्या दुखण्याचा दोष तुमच्याच माथी मारतो, त्याच्या हातात पाय देऊ नका.