दहा पॉइंट दोन

कॉलेजात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गैरवापराला आळा घालणारी समिती नेमली गेली आणि तिच्या एकमेव सदस्य झाल्या रसायनशास्त्राच्या करुणा खिल्लारे मॅडम. सदस्य एकच असल्याने पहिली बैठक एकमताने पार पडली. मशीनने लिहिलेला मजकूर ओळखायच्या बारा खुणा मॅडमनी वहीत सुबक अक्षरात उतरवल्या, आणि आता आपल्याला कुणी फसवू शकत नाही अशी त्यांची खात्री झाली.

प्रॅक्टिकल परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. जर्नलवर मॅडमची सही नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. एकतीस सह्या झाल्या. बत्तिसावं जर्नल डोंगरकडा गावच्या दिपाचं. तिथे पेन थांबलं.

प्रयोग साधा होता. कॉलेजच्या बोअरचं पाणी किती जड आहे ते पाहायचं. ब्युरेटच्या आकडे कोरलेल्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडायचं, फ्लास्कमधला तांबडा रंग निळा झाला की थांबून आकडा लिहायचा. असं तीन वेळा. एकतीस जणांची तिन्ही रीडिंग दहा पॉइंट दोन. दिपाची मात्र अकरा पॉइंट सहा, अकरा पॉइंट नऊ, अकरा पॉइंट सहा. खाली निर्दोष इंग्रजीत लिहिलं होतं : दुसऱ्या वेळी रंग बदलल्यावरही द्रावण पडलं असावं, खात्री नाही.

बारा वर्षांच्या नोकरीत मॅडमनी जर्नलमध्ये 'खात्री नाही' कधी वाचलं नव्हतं. खूण क्रमांक सात, विद्यार्थ्याच्या तोंडी न शोभणारी भाषा. खूण क्रमांक नऊ, बेधडक चुकीचे आकडे. त्यांनी आकड्यांभोवती लाल गोल काढला आणि व्हरांड्यात थांबलेल्या पोरांमधून दिपाला आत बोलावलं.

"हे मशीनकडून लिहून घेतलंस?"

"इंग्रजी त्यानं सुधरून दिलं मॅडम. आकडे माझे हायत."

"सगळ्यांचं दहा पॉइंट दोन आलं, तुझंच काहून येगळं?" राग आला की मॅडमची भाषा नरसीला, माहेरी जायची.

"माझंबी आधी तेच होतं."

"मग?"

दिपाने मोबाइल पुढे केला. तिने तीन वेळा दहा पॉइंट दोन टाकून 'नीट लिहून दे' म्हटलं होतं. मशीनने उलट विचारलं होतं : तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी आहेत. प्रत्येक वेळी ब्युरेट पुन्हा भरलं होतं का? दिपाचं उत्तर होतं, 'व्हय'. त्यानंतर दोन दिवस काहीच लिहिलेलं नव्हतं.

"त्याला खोटं सांगताना कसंतरीच वाटलं," दिपा खाली मान घालून म्हणाली. "मंग येऊन खरी तीन घेतली."

"आणि मला सांगताना?"

"तुमी कधी इचारलंच न्हाई मॅडम."

कोपऱ्यात ग्यानबामामा परीक्षानळ्या धूत होते. लॅबचे जुने शिपाई. मॅडमनी त्यांच्याकडे आधाराला पाहिलं. "मामा, तुम्ही सांगा. आपल्या बोअरचं किती येतं?"

"धा पॉइंट दोन. त्ये तं लॅबचं कुलदैवत हाय. कपाटातल्या नमुन्याच्या जर्नलात हाय ना." मामांनी नळी उपडी घातली. "पर ती बोअर चार वर्सांखाली आटली. आता पाणी मागल्या बोअरचं येऊन राहिलं."

मॅडमची नजर कपाटाकडे गेली. नमुन्याचं जर्नल त्यांचंच होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षाचं. एक रीडिंग घेतलं होतं, हिंगोलीची चारची जीप गाठायची होती, उरलेली दोन जीपमध्येच लिहून टाकली होती. तेव्हाही अक्षर सुबक होतं.

त्यांनी ब्युरेट भरलं. थेंब सोडले. रंग निळा झाल्यावर उभ्याउभ्याच वाचून म्हणाल्या, "अकरा पॉइंट चार."

"मॅडम, डोळा रेषेबराबर आणा," दिपा हळूच म्हणाली. हे वाक्य तिला मॅडमनीच शिकवलं होतं.

मॅडम वाकल्या. अकरा पॉइंट सहा.

त्यांनी दिपाच्या जर्नलवर सही केली. लाल गोल काही खोडता आला नाही. मग त्यांनी सह्या झालेल्या एकतीस जर्नलांकडे पाहिलं.

"मामा, बाहेरच्या सगळ्यांना आत बोलवा. पुन्हा प्रयोग करायचा."

"व्हय. पर काहून म्हणून सांगू? बोअर बदलली म्हणू?"

हे कारण मॅडमना फार आवडलं. शिवाय ते खरंही होतं, चार वर्षं शिळं असलं तरी. त्या हो म्हणणारच होत्या. पण दिपा जर्नल छातीशी धरून अजून तिथेच उभी होती.

"नाही," मॅडम नाइलाजाने म्हणाल्या. "सांगा, मॅडमनी एकच रीडिंग घेतलं होतं."