निळा ड्रेस

आमच्याकडे परीक्षेला फार मान आहे. घरात कुणी आजारी पडलं, चुलते भांडले, म्हैस दगावली, तरी ज्याची परीक्षा असेल त्याला पत्ता लागू देत नाहीत. "पोरीचा पेपर हाय, सांगू नका," एवढं म्हटलं की सगळी भावकी तोंडाला कुलूप लावते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरीही घरी थाप मारताना मी नेमकी परीक्षाच वापरली, इतकी मी शहाणी.

बारामतीच्या कॉलेजात माझं शेवटचं वर्ष होतं. शेवटचा पेपर मंगळवारी संपला. सुप्रिया, स्वरदा आणि मी, तिघी एकाच खोलीतल्या; आम्ही मुरुडला जायचं ठरवलं होतं. होडीनं जंजिरा बघायचा, समुद्रात मनसोक्त भिजायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायचं. बावड्याला घरी मात्र मी सांगून ठेवलं होतं की पेपर शनिवारपर्यंत आहेत आणि अभ्यासासाठी फोन बंद ठेवणार आहे.

"फोन कशाला बंद?" आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील, जोतीराम. "आमी काय पेपर फोडतोय व्हय?"

मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "बरं, कर बंद. शनवारी दुपारी मी येतो न्यायला."

विचारलं असतं तर त्यांनी जा म्हटलं असतं का, हे मला आता कधीच कळणार नाही. नकार ऐकावा लागू नये म्हणून मी विचारलंच नाही.

मुरुड छान होतं, हे खोटं का सांगू? शिडाच्या होडीतून किल्ल्याकडे जाताना स्वरदानं भीतीनं माझा दंड इतका आवळला की वळ उठले. किल्ल्यात गाईडनं आम्हाला ती भली मोठी तोफ दाखवली आणि मग गोड्या पाण्याचा तलाव. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं. आबांना हे सांगितलं तर ते आधी विचारतील, मोटर किती एचपीची बसवलीय, असं मी म्हणाले आणि आम्ही तिघी पोट धरून हसलो. त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी किनाऱ्यावर लाटेनं माझी एक चप्पल ओढून नेली आणि सुप्रियानं माझा फोटो काढला. स्वरदाचा लाल कुर्ता, एका पायात चप्पल, तोंड वासून हसणारी मी. फोटोवर वेळ आहे पाच सत्तेचाळीस.

शुक्रवारी रात्री हॉस्टेलवर येऊन झोपले. शनिवारी सकाळी फोन सुरू केला, तर एकही मिस्ड कॉल नाही, मेसेज नाही. भावकीच्या ग्रुपवरसुद्धा शुकशुकाट होता. दुपारी गेटवर आबांच्या ऐवजी तात्या उभे होते. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, वसंत. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"झाला पेपर?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"बरा गेला?"

"बरा गेला."

"आबा आजारी हाईत जरा," ते म्हणाले आणि गाडीकडे वळले. इंदापूर मागे पडलं. पुढे त्यांनी रस्त्याकडेला गाडी थांबवली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागले. मला काही विचारावं लागलं नाही.

बुधवारी दुपारी उसाला पाणी देताना आबांच्या छातीत दुखायला लागलं होतं. त्यांना नेलं ते बारामतीच्याच दवाखान्यात, माझ्या हॉस्टेलपासून चालत दहा मिनिटांवर. शुक्रवारी पहाटे ते गेले आणि दुपारी सगळं उरकलं. मला शनिवारी पेपर झाल्यावरच सांगायचं, असं त्यांनी सगळ्यांना शपथ घालून बजावलं होतं. आईनं ती शपथ मोडली नाही. मला बघताच तिनं मिठी मारली आणि पहिलं वाक्य बोलली ते हेच: "तुजा पेपर बुडू दिला न्हाय गं आमी."

मी तिच्या खांद्यावर रडत होते आणि मनात स्वतःला शिव्या देत होते. माझ्या केसांत अजून वाळू होती.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, सावडण्याचा विधी झाला आणि रक्षा घेऊन आम्ही नरसिंहपूरला गेलो. संगमात रक्षा सोडली. बाकीचे वर देवळाकडे निघाले, तेव्हा तात्यांनी मला घाटाच्या पायरीवर थांबवलं.

"श्रेया, माज्याकडनं एक पाप झालंय," ते म्हणाले. "तुला सांगितल्याबगार जीव थाऱ्यावर येणार न्हाय."

बाकीचे लांब गेलेत ना, हे त्यांनी एकदा वळून बघितलं.

"बेस्तरवारी सांजच्याला दवाखान्यात दादा म्हनला, पोरगी हितंच दहा मिनटावर हाय. तिला काय सांगू नगंस. नुसतं गेटातनं बघून ये, कशी दिसती ते मला सांग. मी गेलो. पाच वाजल्यापासनं उभा ऱ्हायलो. लई पोरी आल्या न् गेल्या. तू काय दिसली न्हाईस. वॉचमनला इचारावं तर तुला कळंल म्हनून गप बसलो." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "माघारी आलो तर ह्यो दाराकडंच बघत व्हता. मग मी म्हनलो, दिसली. झाडाखाली वही घिऊन बसलीया. निळा डिरेस घातलाय. तर म्हनतो कसा, तिच्याकडं निळा डिरेस कुठनं आला? मी म्हनलो, नवा घेतला आसंल. तर हसला. म्हनला, बरं केलं, शोभत आसंल तिला. मग झोपला. त्यानंतर काय बोललाच न्हाय गं. मरणाऱ्या मानसाशी खोटं बोललो मी. मला माफ कर."

पन्नाशी ओलांडलेला माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता. पाच सत्तेचाळीसला तो गेटवर उभा होता आणि मी एका चपलेवर नाचत होते. मला ते सहन होईना.

"तात्या, मी तिथं नव्हतेच," मी म्हणाले. "पेपर मंगळवारीच संपले होते. मी मैत्रिणींबरोबर मुरुडला समुद्र बघायला गेले होते."

मला वाटलं, मुस्कटात मारतील. मारायला हवी होती. ते पायरीवर खाली बसले.

"वैनीला सांगू नगंस," ते म्हणाले. "तिला मी तेच सांगितलंय. त्याच्यावरच उभी हाय ती."

ते खरंच होतं. घरी येणाऱ्या प्रत्येकीला आई तीच गोष्ट सांगायची. शेजारच्या छबूबाई आल्या, बावड्यातल्या कोण कोण आल्या. "बापाचा जीव चाललेला आन् ल्येक तिकडं झाडाखाली अभ्यास करत बसलेली. निळा डिरेस घातलेला. तात्यांनी सांगितलं तवाच त्यांचा डोळा लागला." बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. दर वेळी आई त्यात एखादा नवा तपशील घालायची. झाड कडुलिंबाचं झालं, वही जाड झाली. मी खाली मान घालून बसायचे.

सातव्या दिवशी ती म्हणाली, "तात्यासंगं जाऊन हॉस्टेलवरचं सामान आन. आन् त्यो निळा डिरेस आन. मला बघायचाय."

माझ्याकडे निळा ड्रेस नाही. कधीच नव्हता.

तात्यांनी बारामतीत एका कापडाच्या दुकानापुढे गाडी उभी केली. मी आत जाऊन एक साधा निळा ड्रेस घेतला, कॉलेजला घालतात तसला. हॉस्टेलवर जाऊन तो तीन वेळा धुतला, दुकानातली कडक खळ जाईपर्यंत. बाहीला पेनचा एक डाग पाडला. तो वाळेपर्यंत मी गच्चीत बसून राहिले. खाली गेटवर तात्या थांबले होते, गुरुवारी थांबले असतील तिथंच. मी वरून हात केला. त्यांनी वर बघितलं आणि मान हलवली.

घरी आल्यावर ड्रेस आईच्या हातात दिला. तिनं तो उजेडात धरला, पेनच्या डागावरून बोट फिरवलं आणि छातीशी घेतला.

"व्हय," आई म्हणाली. "ह्योच."