वळणावरची जागा

पाळक शांतवन साळवे वाट आखायच्या चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन दोन पावलं पुढं सरकले, तर सिद्रामप्पा आखणीची दोरी ओलांडून आडवेच उभे राहिले.

"तेवढा दगड चुकवा, फादर."

आपण फादर नव्हे, बायकापोरं असलेला पाळक आहोत, हे साळव्यांनी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. पण सिद्रामप्पा पडले हट्टी. ख्रिस्ती वस्तीला दफनभूमीकडं जायला यांच्या रानातून सहा फुटांची वाट हवी होती, त्यासाठी बारा वर्षं तारखा झाल्या. निकाल लागला, आज मोजणी झाली, आणि आता हा दगड.

बाभळीखाली तो होता खरा. भस्माचे पट्टे ओढलेला, गुडघाभर उंच.

"आमचे वडील हायत तिथं," सिद्रामप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्या रीतीनं बसवून पुरल्यालं हाय त्यांना. सातबाऱ्यावर न्हाय ते."

साळव्यांना रागच आला. बारा वर्षं हा माणूस मूग गिळून बसला होता.

"मग आधी बोलायचं नाही का?"

"बापाला कशाला चव्हाट्यावर आणायचं?"

मोजणीदार कंटाळून म्हणाला, "साहेब, निकाल तुमच्या बाजूचा हाय. सरळ मारा रेघ."

सरळ रेघ मारायला साळव्यांचे हात शिवशिवत होते. नाताळ झाला की ते निवृत्त होणार होते, आणि त्याआधी त्यांना ही वाट डोळ्यांनी बघायची होती. पण वाट वस्तीची. त्यांनी वस्तीतून आलेल्या प्रेमाबाईंकडं पाहिलं. सहा वर्षांमागं प्रेमाबाईंच्या नवऱ्याची शवपेटी ओढ्यातून नेताना खांदेकऱ्यांचा पाय घसरला होता. पेटी चिखलात पडली होती.

प्रेमाबाई दगडापाशी गेल्या. पदर डोक्यावर घेतला.

"माझ्या मालकाची पेटी तुमच्यापायी गाळात पडली, आप्पा. म्या विसरले न्हाय."

सिद्रामप्पांनी मान खाली घातली.

"पर बसल्यालं माणूस उठवून वाट काढायची, हे काय बरं न्हाय." त्या साळव्यांकडं वळल्या. "घ्या वळसा, साहेब."

साळव्यांचा राग कुठं गेला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांनी दगडापासून हातभर अंतर सोडून फक्की टाकली. पलीकडं हरभरा घाट्यांवर आला होता. त्याला धक्का नको म्हणून वळणावर वाट थोडी अरुंदच धरली.

सिद्रामप्पा बघत होते. मग पुढं झाले, पायानं बाहेरची रेघ पुसली, साळव्यांच्या हातातलं घमेलं घेतलं आणि थेट हरभऱ्यात शिरून तीन फूट पलीकडून नवी रेघ ओढू लागले.

"अहो, पीक आहे तुमचं."

"असू द्या. वळणावर खांदेकऱ्यांना जागा लई लागती, पाळकसाहेब."

प्रेमाबाईंनी वाकून दोरीचं दुसरं टोक धरलं.