राहिलेला पिक्चर

माझी बायको साधना गेल्याचं मला फुलबाजारात कळलं. शेवंतीच्या पाट्या उतरवत होतो. मुलीचा, पायलचा फोन आला. "अण्णा, घरी या," एवढंच म्हणाली. मला तिथेच कळलं. साधना असती तर म्हणाली असती, हा शेवट फसला, आधीच ओळखू आला.

तिला भुताच्या पिक्चरचा भारी नाद. दुपारी टीव्ही लावून आम्ही हार ओवत बसायचो. मी घाबरायचो, ती ओवत राहायची. शेवट ऐकून तिची सुई थांबली तर पिक्चर चांगला. बहुतेक वेळा थांबायची नाही.

"शेवटी कुठून तरी नवीनच भूत आणतात," ती म्हणायची. "गाठ मारायला दुसरा दोरा घेतला की हार सुटतो. पहिल्यापासूनचाच दोरा पाहिजे."

ती गेली त्याच्या आदल्या दुपारी एक पिक्चर अर्धा झाला होता. एका बंगल्याचा म्हातारा वॉचमन, रोज दारात चपला काढणारा. गिऱ्हाईक आलं म्हणून तिने टीव्ही बंद केला.

"यातलं भूत कोण, मला कळलंय," ती म्हणाली.

"कोण?"

"अहो, चपलांकडे बघा की जरा. उद्या सांगते. तोवर लावा डोकं, असलं तर."

दहाव्याला गोदावरीच्या काठी पिंड ठेवला. कावळा भिंतीवर बसून राहिला, शिवेना. माझी बहीण सरुबाई म्हणाली, "तिचा जीव पोरीत अडकलाय. लग्नाचं बोल."

मी हात जोडले. "पायलचं लग्न चांगलं करून देईन."

कावळ्याने मान फिरवली.

"बघा आत्या, आईलाही घाई नाही," पायल म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते. मग तिचे दीर बोलले, भाचे बोलले. ऊन चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू. ते मला नको होतं. ती अडकून राहिली असं मनात घेऊन घरी कसा जाणार?

पायलने माझी बाही ओढली. "अण्णा, पिक्चर."

लोकांसमोर लाज वाटली, पण बोललो. "साधना, तो पिक्चर पुरा बघतो. भूत कोण ते तुला सांगतो."

कावळा उतरला आणि शिवला.

"मेल्यावरही टीव्ही सुटला नाही बयेचा," सरुबाई डोळे पुसत म्हणाली. सगळे हसले.

घरी येताना रिक्षात पायल म्हणाली, "आई म्हणाली असती, शेवट फसला. कावळ्याला भूक लागली म्हणून आला."

"नाही फसला," मी म्हणालो. "दोरा पहिल्यापासूनचाच होता."

"मग आज बघायचा?"

"बघू."

शेवंती संपून आता झेंडू आलाय. पायल अधूनमधून रिमोट माझ्यापुढे सरकवते. मी हार ओवत राहतो. पुरा बघितला की तिला सांगायचं काही उरणार नाही.

तो पिक्चर अजून अर्धाच बघून झालाय.